जीपची ट्रान्सफर केस: नुसते बोल्ट जुळून भागत नाही

"महिंद्राची जीप ना? मग कुठलीही ट्रान्सफर केस बसते!" सावर्डे-चिपळूण पट्ट्यात जुनी फोर बाय फोर जीप बाळगणाऱ्याला हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. ते साफ चूक आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे बुडतात.

महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातली स्पायसर 18 ही ट्रान्सफर केस पुढेही बरीच वर्षं टिकली. नाव तेच राहिलं, आतलं सामान बदलत गेलं. मधल्या गिअरचा शाफ्ट आधी पाऊण इंचाचा होता, मग एक इंच एक सूत झाला, पुढे सव्वा इंच. गिअरबॉक्सला चिकटणाऱ्या तोंडाचं भोकही दोन मापांचं. शंका असेल त्यांनी विलिसचे वेगवेगळ्या काळातले पार्ट्स कॅटलॉग शेजारी ठेवून बघावेत.

स्पायसर 18 मध्ये पुढचा आणि मागचा, दोन्ही जॉइंट शाफ्ट एकाच बाजूने निघतात. म्हणून मागच्या हाउसिंगचा गोळाही त्या बाजूला सरकलेला असतो. गाडीखाली वाकलात तरी दिसेल. स्पायसर 20 चा मागचा शाफ्ट मधून निघतो. ती या हाउसिंगवर लावली की शाफ्ट तिरका चालतो आणि क्रॉस खातो. आणि "जिप्सीची टाक" असं सांगणाऱ्यांना काय म्हणावं? जिप्सीत ही केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट; जीपमध्ये ती थेट गिअरबॉक्सच्या पाठीला. जीपचा हाय 1:1, जिप्सी किंगचा 1.409. एवढा फरक कुठला वेल्डर भरून काढणार?

मुळात केस बदलायलाच हवी का, हे आधी बघा. आवाज येतो, तेल गळतं, म्हणजे अख्खी केस गेली असं नाही. खालचं पत्र्याचं झाकण उघडा, मधला गिअर बोटांनी हलवून बघा. लॉक प्लेट काढून शाफ्ट बाहेर काढा आणि त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट खाल्लाय. सांगाडा शाबूत असेल तर शाफ्ट, रोलर, वॉशर आणि सील बदलून बऱ्याचदा काम भागतं.

जाड तेल घातलं की आवाज दबतो, झीज थांबत नाही. लो टाकल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. चाकांवरचा जोर वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. महामार्गावर फोर बाय फोर लावून पळणं तर केस मारण्याचा हमखास मार्ग: या गाड्यांना मधला डिफरन्शिअल नाही. जांभ्याच्या चिखलात चाकं घसरून ताण सुटतो, कोरड्या काँक्रीटवर तो सगळा गिअरांवर येतो.

बदलायचीच ठरली तर जुनी केस सोबत घेऊन जा. स्प्लाइन मोजा, शाफ्टला व्हर्नियर लावा, इनपुट गिअरचे दात मोजा (26 आणि 29, दोन्ही सापडतात). माप जुळेपर्यंत पैसे देऊ नका, आणि माल परत घेण्याची बोली आधीच करून ठेवा.