चार्जिंगचा लपंडाव

यंत्रात बिघाड दोन प्रकारचे असतात. एक कायमचा, तो समोर उभा राहतो आणि म्हणून लवकर सापडतो. दुसरा येऊनजाऊन असतो. गाडी कारागिराच्या दारात उभी राहिली की तो नाहीसा होतो आणि गाडी रस्त्याला लागली की परत येतो. पिकअप गाडीच्या चार्जिंगमधील ह्या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाविषयी आज मी बोलणार आहे.

सुरतेजवळचे चलथाण हे साखर कारखान्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. समजा, साक्रीकडून भाजीपाला भरून एक पिकअप रात्री निघाली. कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा मार्ग तिने धरला. तास-दीड तासाने समोरचा बॅटरीचा तांबडा दिवा लागला. एका खड्ड्यात चाक आपटले आणि तो विझला. चलथाणला पोचेपर्यंत हेडलाइट मंदावले. सकाळी वायरमनने मीटर लावला, तो १४.२ व्होल्ट दाखवू लागला! ‘अल्टरनेटर ठीक आहे, बॅटरी गेली असेल,’ असा निवाडा झाला. हजारो रुपयांची नवी बॅटरी बसली आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा अंधारात उभी राहिली. बॅटरी निरपराध होती. साक्ष घेतली गेली ती थंड इंजिनाची, आणि गुन्हा घडत होता तापलेल्या इंजिनात.

ही व्यवस्था मुळात साधी आहे. इंजिनाचा पट्टा अल्टरनेटर फिरवतो. आत फिरणाऱ्या चुंबकामुळे तारांच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ साली दाखवून दिले. डायोड त्या विजेला एका दिशेने वळवतात, रेग्युलेटर तिचा दाब आवरतो आणि जाड तारेतून ती बॅटरीत पोचते. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर तेथेच साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमीजास्त करतो. तेथे कंपनीने दिलेला आकडा प्रमाण मानावा.

मोजणी मात्र एका जागी करून भागत नाही. काकरापारच्या कालव्यावरील ऊसकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कालव्याच्या तोंडाशी पाणी भरपूर आणि शेताच्या तोंडाशी कोरडे, तर दोष पाटात असतो. दोन्हीकडे कोरडे, तर तो मुळाशीच असतो. त्याचप्रमाणे अल्टरनेटरच्या मुख्य टोकाशी १४.२ आणि बॅटरीवर १२.५ व्होल्ट असतील तर तार, फ्यूज वा जोड तपासावा. दोन्हीकडे १२.५ असतील तर पट्टा, अल्टरनेटर आणि त्याला चालना देणारी बारीक तार पाहावी. पुष्कळ गाड्यांत ही चालना त्या तांबड्या दिव्यातूनच जाते. म्हणून किल्ली फिरवताच दिवा लागला नाही, तर तीही दोषाचीच खूण समजावी.

पाटातील गळती शोधण्याची रीत अशी. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि पंखा लावावा. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या मुख्य टोकाला व दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला टेकवावी. तेथे ०.२ व्होल्टच्या आसपास फरक चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत कोठेतरी गंज वा सैल नट आहे. मग अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक ह्यांमध्येही तसेच मोजावे. अर्थिंगची गंजलेली पट्टी वरून शाबूत दिसते. मीटर मात्र तिची लबाडी उघडी पाडतो.

आता लपंडावाचा प्रश्न. दोषाला बाहेर काढायचे तर त्याच्या आवडीची परिस्थिती निर्माण केली पाहिजे. त्याचे सोबती चार: उष्णता, हादरा, ओल आणि भार. गाडी तापल्यावरच दिवा लागत असेल, तर बॉनेट बंद ठेवून सर्व दिवे लावून इंजिन अर्धा-पाऊण तास चालवावे आणि मगच मोजावे. झिजलेले कार्बन, अशक्त डायोड वा रेग्युलेटर तेव्हा उघडे पडतात. खड्ड्यात दिवा लागत-विझत असेल, तर लाकडी काठीने एकेक तार हळूच हलवून मीटरकडे पाहावे. मात्र हात, सैल बाही आणि उपरणे पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर असावे. दवात किंवा पावसात पट्टा किंचाळत असेल, तर तो सैल वा गुळगुळीत झाला आहे.

एक जुनी सवय मात्र सोडलीच पाहिजे. चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची रीत डायनॅमोच्या काळातली. बॅटरी ही विजेचे धक्के पोटात घेणारी टाकी आहे. अल्टरनेटरच्या गाडीत ती सुटली की दाब एकाएकी उसळतो आणि डायोड व संगणक जळण्याचा धोका उद्भवतो.

हे सारे केवळ पैशांपुरते नाही. चार्जिंग थांबल्यावर दिवे आणि पंखा मिळून २० अँपिअर ओढत असतील, तर ७५ अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने चार तासही पुरत नाही आणि प्रत्यक्षात त्याहून लवकर दिवे मंदावतात. महामार्गावर दिव्यांविना उभी राहिलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. शिवाय कित्येक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. त्यातून ऑइल झिरपले तर कार्बन बिघडतात, आणि पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकचे बळही जाते. म्हणून तेथे पट्ट्याची हयगय जिवावर बेतू शकते.

तात्पर्य, चालकाने एक छोटी वही ठेवावी. दिवा कधी लागला, इंजिन किती तापले होते, पाऊस होता काय, कोणते दिवे चालू होते, हे चार शब्दांत टिपावे. तो कागद कारागिराच्या हाती दिला, की अर्धे निदान तेथेच होते. दुसरे अर्धे मीटर करील. सुटा भाग बदलावा तो त्यानंतर.