स्पीच थेरपीचा सराव संगणकावर, पण चूक कळते चर्चेत

धारवाड : इथल्या जेएसएस वाचा-श्रवण संस्थेत स्पीच थेरपिस्ट घडतात. अशा विद्यार्थ्यांना खऱ्या रुग्णाआधी संगणकावरच्या रुग्णावर सराव करता येतो. अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या प्रत्यक्ष कामाच्या ३७५ तासांपैकी ७५ तासांपर्यंत असा सराव चालतो. पण खरं शिकणं होतं ते नंतरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये.

समजा, स्क्रीनवरचं मूल ‘चाक’मधला ‘च’ ‘चार’मधल्यासारखा म्हणतं. विद्यार्थी उच्चारदोष लिहून मोकळा! शिक्षक लगेच चूक सांगत नाहीत, विचारतात, ‘घरात कुठली भाषा?’ कन्नड. कन्नडमध्ये ‘चाक’चा तो ‘च’च नाही, मग दोष कसला? हुबळी-धारवाडात अशी दुभाषी घरं काय कमी आहेत? संगणक गुण दाखवून थांबतो. ही चर्चा राहून गेली, तर पुढे धडधाकट मुलाच्या आईबापांना थेरपीच्या फेऱ्या विनाकारण माराव्या लागतात.