लाळ सांगते दाताचं दुखणं

"दुधाचेच दात, पडणारच की!" नेकनूरच्या आठवडी बाजारात लेकराच्या हातावर गोळ्या ठेवताना आपण सहज म्हणून जातो. पण मैत्रिणींनो, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. चौथ्या वर्षीच किडल्या, तर लेकरू रात्र रात्र रडतं, जेवत नाही.

खड्डा दिसण्याआधी लाळेतून अंदाज येतो. गोड खाल्लं की 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हे जंतू आम्ल तयार करतात. लाळ ते धुऊन काढते, त्याचा जोर कमी करते. लाळेत जंतू किती आणि लाळेचा हा जोर किती, हे दंतवैद्य तपासू शकतात. अर्थात नुसत्या लाळेवर निदान होत नाही, दात बघावेच लागतात.

हे जंतू बाळाकडे बहुतेक वेळा आईच्याच तोंडातून येतात. चमचा आधी आपण चाखतो, घास चावून भरवतो (कुणी केलं नाही सांगा!). म्हणून बाळंतपणाआधी आपले किडलेले दात दाखवून घ्यावेत.

झोपेत लाळ कमी सुटते. तेव्हा तोंडात दुधाची बाटली नकोच. अधूनमधून बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत पांढुरकी रेघ ही किडीची पहिली खूण. त्या वेळी फ्लोराईडचा लेप लावला तर कीड थांबू शकते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येऊन दातही बघतं. तेव्हा घर ऊसतोडीला गेलेलं असेल, तर परतल्यावर अंगणवाडीताईंना पुढची तारीख विचारून ठेवा.