शेवटचा बोलणारा गेल्यावर

एक ते पाच हे आकडे तुम्ही रोज म्हणता. बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हिया देशातील मुले हेच आकडे 'व्हिएन्स, दिवि, त्रीस, चेत्रि, पिएत्सि' असे मोजतात. द्वि, त्रि, चत्वारि, पंच हे संस्कृत शब्द आठवले ना? साहजिकच आहे. लॅटव्हियन आणि मराठी या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणजे दूरच्या बहिणीच.

आता त्याच देशातील लिव्ह लोकांचे आकडे पाहा : 'इक्श, काक्श, कुओल्म, नेल्य, वीझ'. यांत ओळखीचे काहीच नाही. पण फिनलंडमधील मुलाला विचारा. तो म्हणेल, 'युक्सि, काक्सि, कोल्मे, नेल्या, वीसि'. म्हणजे लिव्ह भाषा शेजारच्या लॅटव्हियनची नव्हे, तर समुद्रापलीकडील फिनिशची नातेवाईक आहे. एस्टोनियन ही तर तिची अगदी जवळची बहीण.

किनाऱ्यावरचे लोक

लिव्ह लोकांवरूनच त्या प्रदेशाला लिव्होनिया हे नाव पडले. एकेकाळी रिगाच्या आखाताच्या दोन्ही बाजूंना त्यांची वस्ती होती. पूर्वेकडील बोली एकोणिसाव्या शतकात लोपली. मग कोलका भूशिराजवळची बाराएक कोळी खेडी तेवढी उरली. १९२३ साली लिव्हांनी आपली संघटना स्थापन केली आणि हिरवा, पांढरा व निळा असा ध्वज निवडला. होडीतून किनाऱ्याकडे पाहिले की असेच दिसते : वर जंगल, मध्ये वाळू, खाली समुद्र.

भाषा का आटली?

भाषेला जगायला रोजचा व्यवहार लागतो. लिव्हांची शाळा आणि चर्च लॅटव्हियन भाषेत चाले. लग्नेही लॅटव्हियन कुटुंबांशी होऊ लागली. दोन महायुद्धांत अनेकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर सोव्हिएत काळात हा किनारा सीमावर्ती लष्करी क्षेत्र ठरला. समुद्रावर जाण्यावर निर्बंध आले, गावोगावची मासेमारी बंद पडत गेली आणि तरुण शहरांकडे गेले. जाळी गेली, होड्या गेल्या, त्यांच्याबरोबर ती भाषा बोलण्याची ठिकाणेही गेली.

लहानपणापासून ही भाषा बोलत आलेल्या ग्रिझेल्डा क्रिस्तिन्या २०१३ साली कॅनडात वारल्या. त्या १०३ वर्षांच्या होत्या. मातृभाषा म्हणून लिव्ह बोलणारी ती शेवटची व्यक्ती मानली जाते.

मग भाषा संपली का?

येथेच खरी गंमत आहे. १८४६ साली श्योग्रेन हे संशोधक या किनाऱ्यावर आले व शब्द टिपू लागले. १९३८ साली फिनलंडच्या लाउरी केट्टुनेन यांचा मोठा शब्दकोश निघाला. पुढे एस्टोनियाच्या अभ्यासकांनी वृद्धांचे बोलणे ध्वनिफितींवर साठवले. हे फार महत्त्वाचे ठरले. लिव्ह भाषेत काही शब्द उच्चारताना मध्येच घसा किंचित अडखळतो आणि तेवढ्याने अर्थ बदलू शकतो. कोशात त्यासाठी खूण करता येईल. पण तो अडखळ कानाने ऐकल्याशिवाय जिभेवर येत नाही.

१९९९ च्या लॅटव्हियन भाषा कायद्याने लिव्ह ही देशातील मूळ रहिवाशांची भाषा म्हणून मान्य केली. २०१८ साली लॅटव्हिया विद्यापीठात लिव्ह संस्था सुरू झाली. आज ही भाषा बऱ्यापैकी बोलू शकणारे सुमारे वीसच लोक आहेत. बहुतेकांनी ती मोठेपणी शिकली आहे.

शिकलेली भाषा पुन्हा मातृभाषा होऊ शकेल का? याचे उत्तर कोश देऊ शकत नाही. ते घरातच मिळेल. २०२० साली जन्मलेल्या एका मुलीशी तिचे आईवडील मुद्दाम लिव्ह भाषेतच बोलू लागले. ती मोठी झाल्यावर तिला बोलायला समवयस्क सोबती मिळाले, तर शेवटच्या बोलणाऱ्यानंतर पुन्हा पहिला बोलणारा येतो, हे जगाला दिसेल.