वाळवण कुठे घालायचं?

भावाच्या नव्या घराचा प्लॅन जेवणाच्या टेबलावर उलगडला तेव्हा आम्ही सगळे बेडरूम मोजत होतो. वर-खाली मिळून तीन, प्रत्येकीला टॉयलेट, झोकदार जिना. आईने चष्मा लावून कागद दोनदा फिरवला आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण वाळवण कुठे घालायचं?" इंजिनिअर हसला. "काकू, आता पापड विकत मिळतात." आई गप्प बसली. घर उभं राहून आता सहा वर्षं झाली. पापड विकतच येतात, पण पावसाळ्यात घरभराचे ओले कपडे हॉलच्या ग्रिलवर लोंबत असतात. आईचा प्रश्न पापडांपुरता नव्हता.

आपली जुनी घरं खणांत मोजली जात. वरच्या दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. 'पाच खणांचं घर' म्हटलं की सुतारालाही अंदाज यायचा आणि मुलीसाठी स्थळ बघायला निघालेल्या बापालाही. खोल्यांची नावं मात्र माणसांवरून पडत नसत, ती कामावरून नाहीतर जागेवरून पडत. कोकणातलं घर बघा. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी. बाहेरचा माणूस जसा आत येईल तसा गाळला जातो. वसुलीला आलेला खळ्यात, गाववाला ओटीवर, पाहुणा माजघरापर्यंत. चुलीपाशी फक्त घरचे. वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुलखात पडवी ही हौस नव्हे. भिंतीवर येणारी झड ती अंगावर घेते. तिच्याच आडोशाला सरपण राहतं, ओली इरली राहतात. आजच्या बंगल्यात पडवीचा दीड फुटाचा छज्जा झाला आणि मग पश्चिमेच्या भिंतीला ओल का येते म्हणून आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो.

घाटावर आणि मराठवाड्यात हिशेब उलटा. तिथे शत्रू पाऊस नव्हे, ऊन. म्हणून माळवदाची घरं बाहेरून जवळपास आंधळी. जाड मातीच्या भिंती, बाहेर खिडक्या मोजक्या, उजेड चौकातून आणि छपरातल्या सवण्यातून. ढेलजेतून आत शिरलं की भर एप्रिलमध्येही गार वाटतं. आज सोलापुरातला नवा बंगला आणि रत्नागिरीतला नवा बंगला शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत, कारण दोघांचा प्लॅन एकाच मोबाइलवरून आलेला असतो.

मात्र अशा जुन्या घरांचे, वाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं जमत नाही. चौकात ऊन खेळायचं हे खरं, पण माजघरातला अंधार कोणाच्या वाट्याला होता? बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि महिन्याच्या चार दिवसांचा कोपरा कुठला ते घरातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. घरात कोणी कुठवर यायचं हे वाड्याच्या प्लॅनने ठरवून टाकलेलं होतं. तो जसाच्या तसा परत आणायचं कारण नाही.

वाड्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मुंबईची बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळ. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला त्या उभ्या राहिल्या. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली. सकाळी तेच स्वयंपाकघर, दुपारी शिवणाची जागा, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री झोपायची खोली. ओटीचं काम सामाईक गॅलरीने केलं. संडास सामाईक, याचा जाच बायकांनाच विचारावा. पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय आणि ते त्यांच्या हक्काचं आहे. पण एकच जागा दिवसातून चार वेळा वापरायची अक्कल त्या खोलीत होती. तीन बेडरूमच्या बंगल्यात दिवसभर तीन पलंग नुसते पसरलेले असतात.

पलंगावरून आठवलं. दहा बाय दहाची खोली कागदावर ऐसपैस वाटते. पलंगाची लांबी साडेसहा फूट, समोर कपाट दोन फूट. मधे उरला दीड फूट. कपाटाचं दार उघडायचं तर माणसाने पलंगावर चढायचं. दोन्ही बाजूंचं प्लास्टर वजा केलं तर तेही अवघड. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहण्याच्या मुख्य खोलीचं किमान माप साडेनऊ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट. दहा बाय दहा त्याच्याही किंचित खाली, आणि त्यालाच आपण ऐसपैस म्हणतो. पॅसेजचंही असंच. साडेतीन फूट रुंद आणि चौदा फूट लांब पॅसेज म्हणजे ४९ चौरस फूट. बांधकामाचा दर फुटाला २,००० रुपये धरला तरी ९८,००० रुपये नुसते चालण्यात गेले.

आता वास्तुशास्त्र. पश्चिमेचा वारा धरला तर आग्नेयेची चूल धूर घराबाहेर सोडायची. चुलीच्या काळात त्यात तथ्य होतं. पण कर्त्याची खोली नैर्ऋत्येलाच हवी, हा हट्ट नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात करून बघा. दुपारभर पश्चिमेचं ऊन खाल्लेल्या भिंती आणि वर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात. ती बाजू जिना, कपाटं, संडास यांना द्यावी. दक्षिणेच्या दाराला लोक घाबरतात. हिवाळ्याचं कोवळं ऊन मात्र तिकडूनच येतं.

वाढत्या घराचा विचार आपल्याकडे झालाच नाही असं नाही. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात कमी उंचीची घरं बांधली. साधारण सात-सात घरांचा घोळका, मधे आठ मीटरचं अंगण, आणि घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी खरंच वाढवली, पुष्कळांनी पाडून नवीनही बांधली. काहींना त्यात योजनेचं अपयश दिसतं. मला तर ती यशस्वी वाटते.

आपल्या बंगल्यात पुढच्या तीस वर्षांची सोय कुठे असते? आई-वडिलांची खोली हौसेने वर काढतात, पाच वर्षांत गुडघे बोलायला लागतात. तळमजल्यावर एक खोली, तिला लागून संडास, आणि त्याचं दार अडीच नव्हे तर तीन फुटांचं, म्हणजे व्हीलचेअर आत जाईल. वरचा संडास खालच्या संडासाच्या डोक्यावर, म्हणजे पाइप एकाच भिंतीत राहतात आणि हॉलच्या छतातून पाणी ठिबकत नाही. दाराशी चपलांना जागा. ओट्यामागे मोरी, मोरीमागे कपडे वाळत घालायला छपराची पडवी. या गोष्टी प्लॅनच्या रंगीत चित्रात दिसत नाहीत म्हणून राहून जातात.

ज्यांचं घर अजून कागदावर आहे त्यांना एकच विनंती. खोदाईआधी कंत्राटदार प्लॉटवर फक्की मारून लाइनआउट देतो. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. उघड्या आभाळाखाली खोल्या लहान दिसतात, त्याने घाबरू नका. पलंगाच्या जागी चटई टाका, ओट्याच्या जागी उभं राहून खिडकीतून काय दिसेल ते बघा, आणि ओली बादली हातात घेऊन मोरीपासून दोरीपर्यंत चालून या. फक्की पायाने पुसता येते. आणि आईला बरोबर न्यायला विसरू नका.