ऐरणीचे वजन

मराठी वर्तमानपत्रांत रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर आलेला असतो. कधी पाण्याचा, कधी आरक्षणाचा, कधी कांद्याच्या भावाचा. पण ज्या ऐरणीवर हे प्रश्न येतात ती वस्तू डोळ्यांनी पाहिलेले वाचक आता किती उरले असतील, याची मला शंका आहे. कानाच्या आत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे असतात हे आपण शाळेत पाठ केले. बहुतेकांच्या वाट्याला आलेली ऐरण तेवढीच, आणि तीही दिसत नाही. मुंबईत लोहार चाळ आहे, पण तिथे विजेचे दिवे आणि वायरी मिळतात.

माझ्याकडे सध्या तीन ऐरणी आहेत. पालघरला घरामागच्या पत्र्याच्या पडवीत मी कोळशाची लहान भट्टी मांडली आहे. हाताने फिरवायचा पंखा, दोन सांडशी, तीन हातोडे आणि पाण्याचे एक जुने पिंप एवढा संसार. घरी या उद्योगाला ‘ठणाणा’ असे नाव पडले आहे. निवृत्त माणसाने बागकाम करावे, फार तर आत्मचरित्र लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. लोखंड ठोकणे त्यात बसत नाही.

परदेशात मात्र हा छंद प्रतिष्ठित आहे. अमेरिकेत खेड्यांतले लोहार संपत आले तेव्हा हौशी लोकांनी तो धंदा उचलला. अलेक्स बीलर यांचे लोहारकामावरचे पुस्तक १९६९ साली आले आणि १९७३ साली तिथल्या कलावंत-लोहारांची संघटना उभी राहिली. पुढे सुऱ्या-तलवारी घडवण्याच्या स्पर्धा दूरदर्शन संचांवर आल्या आणि जुन्या ऐरणींचे भाव चढले. कुणाच्या आजोबांच्या कोठारात गंजत पडलेली ऐरण दिवाणखान्यात आली. मोटारींचे कारखाने वाढत गेले आणि नालबंदाची ऐरण हौसेची झाली, असा हा उलटा प्रवास आहे.

जुन्या ऐरणीचे एवढे काय, असे कोणीही विचारील. त्यासाठी ती कशी केलेली असते ते पाहावे लागते. चांगल्या विलायती ऐरणीचे अंग घडीव लोखंडाचे आणि वरचा माथा पोलादी पाट्याचा असे. हे दोन्ही भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवून घणांनी एकजीव करत. अंग मऊ आणि माथा कडक, त्यामुळे घाव बसला की हातोडा उसळून वर येतो. ती उसळीच लोहाराचे अर्धे श्रम वाचवते. स्वस्तातली बिडाची ऐरण घाव गिळून टाकते आणि संध्याकाळी मनगट दुखते. पारख करायची युक्ती सोपी आहे. बेअरिंगची एक गोळी दहा इंचांवरून माथ्यावर सोडायची. ती सात-आठ इंच परत उडाली तर ऐरण जिवंत. पचकन जागीच बसली तर पुढे बोलणी करू नयेत. हातोडीने टिचकी मारली तर घंटेसारखा नाद यावा. दबका, फुटका आवाज आला तर आत कुठेतरी भेग आहे.

माझी पहिली ऐरण बोईसरला भंगाराच्या एका वखारीत मिळाली. तिच्या कमरेवर १, ३ आणि १४ असे आकडे सुटेसुटे कोरलेले होते. वखारवाल्याच्या मते तो रेल्वेचा नंबर होता. वास्तविक ते वजन होते. डडली गावच्या पीटर राइटसारखे इंग्रज कारखानदार ऐरणीवर वजन हंड्रेडवेटात कोरत. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक ८४ अधिक १४, एकूण २१० पौंड, सुमारे ९५ किलो. आयुष्यभर आकड्यांच्या रकान्यांत घालवलेल्या माणसाला हे कोडे सुटल्यावर जो आनंद झाला तो मी कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही. ग्रँट रोडहून सुरतेकडे जाणारी रेल्वे १८६४ साली पालघरवरून गेली. असल्या जड वस्तू या मुलखात अशाच कुठल्यातरी कामावर आल्या असाव्यात, असे मी आपले समजतो.

आपल्या गावठी ऐरणीला शिंग नसते आणि कोरीव कंबरही नसते. चौकोनी ठोकळा, खाली निमुळता बुंधा, आणि तो बाभळीच्या ओंडक्यात गाडलेला. इंग्रज लोहार उभा राहून काम करतो, आपला बसून. घिसाड्यांची ऐरण तर मुठीएवढ्या तोंडाची असते. बिऱ्हाड हलले की ती उपटून गाडीत टाकायची. त्यांच्यात नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि बायको घण घालते. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटात ऐरणीला देव मानून म्हटलेले गाणे आहे. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने त्याला चाल दिली. ते सर्वांना पाठ असते. घण घालणारी बाई मात्र रस्त्याकडेला दिसली की आपण मोटारीची काच वर करतो.

लोहारांशी माझी गाठ पडली ती बँकेमुळे. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटण्याचे काम आमच्याकडे होते. ग्रामीण कारागिराला एक तृतीयांश सबसिडी, आदिवासी असेल तर निम्मी. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. मनोरच्या रस्त्याला एका लोहाराचे दुकान होते. त्याच्या अर्जात मालमत्तेच्या रकान्यात मी ‘ऐरण एक’ असे लिहू लागलो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, भाता लिहा, घण लिहा, पण ऐरण कागदावर नको. ती माझी एकट्याची नाही.” खंडेनवमीला तिची पूजा होई, अवसेला भट्टी पेटत नसे, आणि दुकानात आलेले पोर तिच्यावर बसू लागले की त्याला उठवले जाई.

त्याच्या म्हणण्याला कायद्याचाही आधार होता, हे त्याला ठाऊक नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या कलम ६० मध्ये, हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी काय जप्त करता येणार नाही याची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, आणि त्यांच्या पाठोपाठ कारागिराची हत्यारे. इंग्रजी अमदानीत रुक्ष भाषेत लिहिलेली ही यादी मला नेहमी कादंबरीच्या एखाद्या पानासारखी वाटत आली आहे. माणसाचे काय काय काढून घेतले की तो माणूस म्हणून उभा राहू शकत नाही, याचा एवढा नेमका हिशेब मी दुसरीकडे वाचलेला नाही. सावकाराने किंवा बँकेने दावा जिंकला तरी बेलिफ ऐरण उचलू शकत नव्हता. भंगारवाल्याच्या काट्यापासून तिला वाचवणारे कलम मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

आणि या मुलखात भंगाराचे काटे पुष्कळ. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झाले. त्याच्या शेजारी बोईसरच्या अंगाला औद्योगिक वसाहत पसरली. तिथे तारा ओढल्या जातात, स्टेनलेस स्टीलचे गज लाटले जातात. एवढे पोलाद अंगणात असताना मनोर रस्त्याचा लोहार कोयता करायचा तो ट्रकच्या कमानपाट्याचा. अहमदाबादच्या हमरस्त्यावर मोडलेल्या ट्रकांचे पाटे त्याला पुरत. त्यात त्याची अडाणी हौस नव्हती. स्टेनलेस चमकते, पण खेड्यातल्या भट्टीत त्याला पाणी पाजता येत नाही. कमानपाट्यात कार्बन बेताचा असतो, म्हणून तो कडकही होतो आणि लवचिकही राहतो.

पाणी पाजणे हा या धंद्याचा प्राण. पाते उगवत्या सूर्याच्या रंगाइतके तापले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाचा हा गुण जातो. त्यानंतर थोडे पुढे नेऊन धार पाण्यात बुडवायची. ती काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ होते. मग दगडावर घासून उजळ करायची आणि मागची ऊब तिच्याकडे सरकू द्यायची. आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. कोयत्याला तपकिरी-जांभळ्याच्या मध्ये थांबवायचे. हा खेळ काही क्षणांचा असतो. मी अजून घड्याळ लावल्यासारखा टक लावून बसतो. तो लोहार गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हे करायचा.

त्याचे गिऱ्हाईक म्हणजे वारली, कोकणा, कुणबी शेतकरी. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर आधी झाडांचे टहाळ तोडावे लागतात, त्याला कोयता. कापणीला विळा. गवताच्या हंगामाला पुन्हा विळा. डहाणू-तलासरीत १९४५ नंतर वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लाल बावटा धरला. त्यावरचे विळा आणि हातोडा दोन्ही लोहाराच्या दुकानातले. ऐरणीला निशाणावर जागा मिळाली नाही.

काही वर्षांपूर्वी तो लोहार गेला. थोरला मुलगा वसाहतीत पाळीवर जातो, धाकटा टेम्पो चालवतो. दुकानाच्या जागेवर इमारत येणार असे ठरले तेव्हा थोरल्याचा फोन आला. “काका, ऐरण पाहिजे तर घेऊन जा. उद्या भंगारवाला येतोय.” काट्यावर तिचे वजन ४१ किलो भरले. भंगाराचा भाव त्याने सांगितला, तेवढे पैसे मी दिले. जास्त देऊ केले तर घेईना.

घरी आणून पाहिले तर माथा सपाट नव्हता. डाव्या कडेला बशीसारखा खळगा. परदेशी हौशी माणूस अशी ऐरण यंत्रावर घासून सपाट करून घेतो, आणि त्यात वरचे कडक पोलाद वाया घालवतो. मी खळग्यात एक जुना कोयता आडवा धरला. त्याच्या पोटाचा बाक त्यात नेमका बसला. भोवतालच्या पाड्यांवरचे कोयते एकसारखे का वाकलेले असत, ते तेव्हा कळले. माझ्या हातून तसा एक कोयता अजून उतरलेला नाही. मी पडदे अडकवायचे आकडे करतो, ते छान होतात आणि लोक ते भिंतीला लावतात.

गेल्या कापणीच्या तोंडावर दोन बाया चार विळे घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. जुन्या जागी जाऊन आल्या होत्या. “लोहाराची ऐरण इथंच आलीय ना?” त्यातली वयस्क म्हणाली आणि विळे माझ्या हातात देऊन ओट्यावर टेकली. बाजारात तयार विळे मिळतात, पण ते हाताला भरत नाहीत, असे तिचे म्हणणे पडले. मी थोरल्याला फोन लावला.

पहिली पाळी संपवून तो साडेचारला आला. वर्षानुवर्षे त्याने हातोडा धरला नव्हता. केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली, अठरा धंद्यांत लोहारही आहे, हत्यारांसाठी १५ हजार रुपये मिळतात, हे मी त्याला पूर्वी सांगितले होते. “हत्यारं येतील काका, दिवस कुठून आणू?” एवढेच तो म्हणाला होता. पडवीत येऊन त्याने ऐरण पाहिली. मी ती उभ्याने काम करण्यासाठी उंच ओंडक्यावर बसवली होती. “हे उंच झालं,” तो म्हणाला. मग आम्ही दोघांनी ओंडका बाहेर काढला, खड्डा खणला आणि ऐरण जमिनीलगत रोवली. तो तिच्यापुढे मांडी घालून बसला. पहिला विळा जरा अडखळत झाला. तिसऱ्यापासून त्याचे लक्ष हाताकडे राहिले नाही, तो बाईला पाऊस किती लागला ते विचारत होता.

तिने कुंपणाजवळचे गवत कापून धार पाहिली आणि कनवटीचे पैसे त्याला दिले. ऐरण अजून तशीच खाली आहे. गुडघ्यांमुळे मला तिच्यापुढे फार वेळ बसता येत नाही, म्हणून मी विलायती ऐरणीवर माझे आकडे ठोकतो. सुट्टीच्या दिवशी तो येतो, तोवर विळे-कोयते पडवीच्या कोपऱ्यात साठतात. आज नऊ आहेत. येत्या रविवारी त्याला ओव्हरटाइम आहे.