बोअर मारण्याआधी जमिनीत वीज का सोडतात?

हातकणंगले तालुक्यात बोअर मारायचा म्हटलं की अनेकांना आधी नारळवाला पाणाड्या आठवतो. भूजलतज्ज्ञ मात्र एका ओळीत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा. सळयांमधलं अंतर वाढवलं की वीज अधिक खोल जाते. अशी वीज सोडून खनिजं शोधण्याचे प्रयोग फ्रान्सच्या कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ मध्ये केले होते.

इथला अखंड काळा पाषाण विजेला जोरात अडवतो. भेगाळलेला, पाण्याने भरलेला खडक कमी अडवतो. पण गोम अशी, की चिकणमाती आणि खारं पाणीही विजेला सहज वाट देतात. त्यामुळे क्षारपड शेतात मीटरवरचा कमी आकडा म्हणजे गोडं पाणीच, असं धरून बोअर मारला तर पैसे मातीत जाऊ शकतात. त्याआधी शेजारच्या विहिरींचं पाणी चाखलेलं बरं.